विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट: उकळण्यापासून टीडीएस मीटरपर्यंत, या चुका टाळा

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या देशातल्या 15 जिल्ह्यांपैकी सात आपल्या महाराष्ट्रातले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम नायट्रेट ही भारतीय मानकाची मर्यादा. राज्यात तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त तिच्या वर निघाले. तरी घरोघरी उत्तर एकच, "आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे हो." असेलही. नायट्रेट म्हणजे खत, उकिरडा, शोषखड्डा यांतून पाण्यात उतरणारं नत्राचं संयुग; त्याला ना चव, ना वास, ना रंग.

पाणी उकळून बाळाला देणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती करतात काळजी घेणारीच माणसं. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट तसंच राहतं आणि वाफ उडून गेल्यामुळे दाट होतं. लिटरला 60 मिलिग्रॅम असलेलं पाणी आटून पाऊण लिटर झालं, की तेच प्रमाण 80 वर जातं. त्या पाण्यात पावडरचं दूध कालवलं किंवा बाळगुटी उगाळली, की सगळं थेट बाळाच्या पोटात.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं. तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यालायक ठेवत नाही. ओठ, नखं निळसर-राखाडी दिसू लागतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी 1945 मध्ये शेतावरच्या विहिरींचं पाणी प्यायलेल्या अशा बाळांची नोंद केली, तेव्हा हा संबंध उजेडात आला. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, हा यावरचा सर्वात सोपा बचाव. आईने थोडं जास्त नायट्रेटचं पाणी प्यायलं तरी ते दुधात फारसं उतरत नाही. बाळ निळसर दिसलं तर क्षणभर न थांबता दवाखाना गाठा आणि त्याला कुठल्या बोअरचं पाणी दिलं ते डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका.

मोठ्यांना असं झटकन काही होत नाही. पण शरीरात नायट्रेटपासून घातक नायट्रोसो संयुगं तयार होतात अशा परिस्थितीत कर्करोगाची शक्यता धरली जाते, आणि थायरॉइडला मिळणाऱ्या आयोडीनमध्येही नायट्रेट आडवं येतं.

टीसीएल (ब्लीचिंग पावडर), तुरटी, कँडल फिल्टर, यूव्ही

यातल्या एकानेही विरघळलेलं नायट्रेट निघत नाही. ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड मिळालंय म्हणून निर्धास्त राहणारेही बरेच. ते कार्ड स्रोताच्या आसपासची स्वच्छता आणि क्लोरिनेशन पाहून मिळतं. घरच्या घरी नायट्रेट कमी करायचं तर आरओ, तोही मेम्ब्रेन (आतला गाळणारा पडदा) वेळेवर बदलत असाल तर. आरओतून वाया जाणाऱ्या पाण्यात नायट्रेट आणखी दाट असतं. ते विहिरीजवळ सोडू नका, झाडांना घाला.

टीडीएस मीटरवर भरवसा

विक्रेता मीटर बुडवतो, आकडा 350 येतो, आपण खूश. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज; त्या 350 मध्ये नायट्रेट 10 आहे की 90, हे मीटरला कळत नाही. (दोन सळया टाकून पाणी तपकिरी करून दाखवतात, तो तर निव्वळ खेळ. तो रंग सळईच्या लोखंडाचा.) नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत, ती त्याच पाण्याने दोनतीनदा विसळून घ्या. बोअर आधी थोडा वेळ चालू ठेवा. बाटली थंड ठेवून शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. अहवालात 'नायट्रेट' लिहिलंय की 'नायट्रेट-नायट्रोजन' हे नीट वाचा: दुसऱ्या प्रकारचा 15 हा आकडा म्हणजे पहिल्या प्रकारात 66. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यानंतर तपासा. भेगाळलेल्या काळ्या रानातून पहिल्या पावसाचं पाणी सरळ खाली उतरतं.

सगळा दोष युरियाला देणं

युरियाचा वाटा मोठा आहेच. पण विहीर गावठाणातली असेल तर आधी शोषखड्डा, उकिरडा आणि गोठा कुठे आहे ते बघा. शोषखड्ड्यापासूनचं सुरक्षित अंतर आपण जंतूंच्या हिशोबाने धरतो. जंतू मातीत गाळले जातात, मरतात. नायट्रेट मरत नाही आणि आपली चिकण मातीही त्याला धरून ठेवत नाही. मग उपाय म्हणून लोक बोअर आणखी खोल नेतात. यवतमाळ, नांदेडच्या काही भागांत असं केलं की नायट्रेट टळतं आणि फ्लोराइड पदरात पडतं. वरच्या थरात केसिंग (बोअरमध्ये बसवलेला पाइप) धड नसेल तर नायट्रेटही टळत नाही.

शेतात मात्र हेच पाणी हिशोबात धरा. लिटरला 90 मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्याची सहा सेंटिमीटरची एक पाळी एकराला साधारण पाच किलो नत्र देते, म्हणजे जवळपास 11 किलो युरिया. तेवढा पुढच्या हप्त्यातून वजा करा. उरलेला युरियाही एकदम न टाकता दोनतीन हप्त्यांत द्या, आणि मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर गोणी फोडूच नका.