लसूणघासाच्या बियाणे-संग्रहात वंशावळ आणि विविधता कशी जपावी

लसूणघास हे परपरागीकरणाचे, म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर जाऊन बी धरणारे पीक असून त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे चार संच, म्हणजे एकूण ३२ गुणसूत्रे असतात. त्यामुळे एकाच पाकिटातील दोन बियासुद्धा जनुकीयदृष्ट्या वेगळ्या निघतात, आणि संग्रहात जपायचे असते ते एखादे झाड नव्हे, तर झाडांचा समुदाय.

पाकिटावर केवळ ‘आर. एल. ८८’ लिहिणे पुरेसे नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा हा वाण शेतकऱ्याने वर्षानुवर्षे घरीच बियाण्यासाठी राखला असेल, तर आजूबाजूच्या घासाचा परागही त्यात मिसळलेला असण्याची शक्यता असते. म्हणून प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि बियाणे कोठून आले, किती झाडांवरून घेतले, कितवी पिढी आहे हे नोंदवावे. खुल्या परागीकरणात केवळ मातृझाड माहीत असते, तेव्हा पित्याच्या रकान्यात तसे स्पष्ट लिहावे. अंदाजाने वाणाचे नाव घालू नये. अमेरिकेत या पिकाच्या वाणांची वंशावळ नऊ मूळ स्रोतांच्या टक्केवारीत मांडण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यांत ‘भारतीय’ हाही एक स्रोत आहे. ही टक्केवारी उपयोगी असली, तरी ती अपेक्षित वाटा सांगते. निवड झाल्यावर प्रत्यक्ष वाटा बदलतो.

विविधता सर्वाधिक हरवते ती बियाणे पुन्हा वाढवताना. काही बियांचे कवच इतके कठीण असते की पाणी आत शिरत नाही. त्या उगवल्या नाहीत, तर नकळत निवड होते. म्हणून पेरणीपूर्वी बी बारीक सँडपेपरवर हलके घासून घ्यावे. शक्यतो १०० किंवा अधिक झाडे जाळीच्या पिंजऱ्यात लावून आत मधमाश्या सोडाव्यात. मधमाशी फुलाच्या कडेने मकरंद घेऊन निघून गेली, तर फूल उघडत नाही आणि परागीकरण नीट होत नाही. उघडलेल्या फुलात पुंकेसरांचा दांडा उसळून वरच्या मोठ्या पाकळीला टेकलेला दिसतो, आणि हे फुलोऱ्यात रोज पाहिलेच पाहिजे. काढणीच्या वेळी प्रत्येक झाडावरून गुंडाळलेल्या शेंगा सारख्या संख्येने घ्याव्यात, अन्यथा जोमदार पाच-दहा झाडांचीच संतती पुढे जाते. या एका नियमात तडजोड करू नये.

अमरवेल या परजीवी तणाचे बी चाळून, वेचून पूर्णपणे काढावे. मध्यम मुदतीसाठी वाळवलेले बी हवाबंद पाकिटात ५ ते १० अंश सेल्सिअसला, तर दीर्घ मुदतीसाठी उणे १८ अंशांच्या आसपास ठेवावे.

डीएनए मार्करने, म्हणजे डीएनएमधील ओळखखुणांनी, विविधता मोजायची असल्यास प्रत्येक नमुन्यातील किमान तीसएक झाडांची पाने स्वतंत्रपणे घ्यावीत. चार संचांमुळे एखादे युग्मविकल्प (जनुकाचे एक रूप) एका झाडात किती वेळा आहे हे ठरवणे अवघड जाते, म्हणून अनेकदा ते आहे की नाही एवढेच नोंदवतात. दोन नमुन्यांचे नाव एकच असले, तरी अशी तुलना होईपर्यंत त्यांचे बियाणे एकत्र करू नये, कारण एकदा मिसळलेले समुदाय पुन्हा वेगळे करता येत नाहीत.