कंपनीचा डबा राहू द्या, वायफाय मात्र स्वतःच्या राउटरवर घ्या

फायबरचं कनेक्शन घेतलं की कंपनीचा माणूस येतो, वायर जिथनं आत आली तिथंच दाराजवळ पांढरा डबा ठोकतो आणि जातो. मग आतल्या खोलीत पोरांचा ऑनलाइन क्लास अडकतो. आपल्या सोलापुरात जुन्या पेठांमधली घरं म्हणजे जाडजूड दगडी भिंती, त्यातनं वायफाय जातंय कुठं, आणि जुळे सोलापूरकडच्या फ्लॅटमध्ये भिंती पातळ पण शेजारपाजारच्या वायफायची एवढी गर्दी की आपलंच आपल्याला सापडत नाही. यावर प्लॅन वाढवून काही होत नाही, २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी आतल्या खोलीत रेंज तेवढीच राहणार. स्वतःचा चांगला राउटर लावणं हाच खरा उपाय आहे आणि ते वाटतं तेवढं अवघड नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. तो पांढरा डबा म्हणजे ओएनटी, आणि तो काढून टाकायचा नाही. फायबरमधनं येणारा उजेड साध्या लॅन केबलमध्ये चालेल असा करायचं काम तोच करतो, आणि कंपनीच्या मशीनमध्ये त्याचा सिरीयल नंबर नोंदलेला असतो, त्यामुळं बाजारातनं दुसरा आणून जोडला तरी तो आपोआप चालू होत नाही. लँडलाइन फोनपण बऱ्याचदा त्याच्यावरच असतो. डबा जागेवर ठेवायचा, आपला राउटर त्याच्या मागं जोडायचा, एवढंच काम आहे.

राउटर घेताना नवी पेठेतल्या दुकानात जा नाहीतर ऑनलाइन मागवा, पण तीन गोष्टी बघूनच घ्या. मागं वॅन किंवा इंटरनेट लिहिलेला पोर्ट पाहिजे, जुना टेलिफोनच्या वायरीचा डीएसएलवाला मॉडेम गळ्यात मारून घेऊ नका. ड्युअल बँड पाहिजे, म्हणजे २.४ आणि ५ दोन्ही गिगाहर्ट्झ. आणि पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे पाहिजेत, हे लोक बघतच नाहीत, स्वस्तातल्या बऱ्याच राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात, मग २०० चा प्लॅन असूनही स्पीड टेस्टला ९०-९५ च्या वर आकडा जात नाही आणि माणूस उगाच कंपनीशी भांडत बसतो. केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या.

आता जोडणी. ओएनटीच्या लॅन १ पोर्टमधनं केबल काढायची आणि आपल्या राउटरच्या वॅन पोर्टात घालायची, हा पोर्ट सहसा वेगळ्या रंगाचा असतो. हिरव्या टोकाची जी बारीक वायर ओएनटीत गेलीय तिला हात लावायचा नाही, वाकवायची नाही, काढून आत डोकवायचं तर अजिबात नाही. राउटर चालू केला की त्याच्या स्टिकरवर वायफायचं नाव-पासवर्ड असतो त्यानं मोबाइल जोडा, राउटरच्या कंपनीचं ॲप उघडा नाहीतर ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाका. इंटरनेटचा प्रकार विचारला की डायनॅमिक आयपी निवडा. बहुतेक घरात इथंच इंटरनेट सुरू होतंय. नाही झालं तर ओएनटी आणि राउटर दोघांचा पत्ता एकच आहे का बघा, दोन्हीकडं १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळ होतो, राउटरचा लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ करा.

आता नव्या राउटरवर वायफायचं नाव आणि पासवर्ड अगदी ओएनटीवरचा जुनाच ठेवा, स्पेलिंगसकट, म्हणजे टीव्ही, कॅमेरे, आजोबांचा मोबाइल सगळं आपोआप जोडलं जातं, प्रत्येकाचा पासवर्ड परत टाकत बसावं लागत नाही. सगळं चालतंय याची खात्री झाली की मगच ओएनटीचं वायफाय बंद करायचं, नाहीतर फोन परत त्या जुन्यालाच चिकटून बसतो. सिक्युरिटी डब्ल्यूपीए २ किंवा ३ ठेवा, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणानं किंवा पिननं जोडायची सोय) बंद करा, राउटरच्या ॲडमिनचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

बहुतेकांनी इथंच थांबावं असं मी मनापासून सांगतो. फोन, टीव्ही, क्लास, ऑफिसची मीटिंग सगळं यावर व्यवस्थित चालतं. ऑनलाइन गेममध्ये अडचण येत असेल किंवा बाहेरनं घरच्या मशीनला थेट जोडायचं असेल तरच ब्रिज मोडच्या मागं लागा. त्यात ओएनटी फक्त लाइन पुढं सोडतो, लॉगिन तुमचा राउटर करतो, आणि त्यासाठी पीपीपीओईचा, म्हणजे कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायचा युजरनेम-पासवर्ड लागतो. तो आधी इंटरनेटवाल्याकडनं मागून कागदावर लिहून घ्या, व्हीएलएएन नंबर (लाइनवरचं इंटरनेट वेगळं ओळखायचा नंबर) लागतो का तेपण त्याच फोनवर विचारा. हे हातात येईपर्यंत ओएनटीच्या रिसेटच्या छिद्रात पिन घालू नका, सेटिंग पुसली तर कंपनीचा माणूस येईपर्यंत घरचं इंटरनेट बंद. ब्रिज करून लॉगिन होत नसेल तर जुनं लॉगिन ओएनटीवर अजून चालूय का बघा, नाहीतर इंटरनेटवाल्याला सांगा की नवीन राउटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या मशीनचा ओळख नंबर, नोंदवून घ्या. लॉगिन झालं पण काही साइट अर्धवट उघडत असतील तर राउटरमध्ये एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचा आकार) १४९२ करून बघा. काही कंपन्या ब्रिज देतच नाहीत, तिथं वरचीच पद्धत. आणि राउटरच्या वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुमच्या डोक्यावर कंपनीचं अजून एक जाळं आहे, ब्रिज करूनही बाहेरनं थेट आत येता येत नाही, त्यासाठी स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, वेगळा मागावा लागतो.

राउटर ठेवायची जागा नीट निवडा, सगळा पैसा इथंच वसूल होतो. घराच्या मध्यावर, उंचावर, लोखंडी कपाट, फ्रीज आणि टीव्हीच्या मागं नको. त्यासाठी लॅन केबल पट्टीतनं लांब ओढावी लागली तरी ओढा, ओएनटी दारातच राहू दे. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४० च्या वर जातोच, म्हणून बंद शोकेसमध्ये कोंबू नका, हवा लागू द्या. लाइट जाते तिथं मिनी यूपीएस घ्या, पण ओएनटी आणि राउटर दोन्ही त्यावर पाहिजेत, एकच लावून उपयोग नाही. घ्यायच्या आधी दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचून फोटो काढून न्या, बरेच १२ व्होल्टचे असतात पण सगळे नाहीत.

पुढं कधी इंटरनेट बंद पडलं तर आधी ओएनटीवर नजर टाका. एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर फायबरच तुटलंय किंवा सुटलंय, राउटरशी खेळत बसू नका, सरळ तक्रार करा. लाल नसेल तर लॅपटॉप केबलनं थेट ओएनटीला जोडून बघा, ब्रिज केलं असेल तर लॅपटॉपवरनंच पीपीपीओईचं लॉगिन करावं लागेल, तिथं चालत असेल तर घोळ तुमच्या राउटरचा, नाहीतर लाइनचा.