खेळातले दोन देव एकच आहेत म्हणताय? या चुका टाळा

(पुढे एल्डन रिंग, एल्डर स्क्रोल्स आणि डार्क सोल्स या व्हिडिओ गेममधली गुपितं येतात. खेळ अर्धवट असेल तर आधी तो संपवा.)

दोन देव म्हणजे एकच व्यक्ती, ही थिअरी (खेळाच्या चाहत्यांनी लढवलेला तर्क) जमली तर अख्खी कथा नव्याने उलगडते. म्हणूनच ती मांडायचा मोह आवरत नाही. पण अशा बहुतेक थिअऱ्या त्याच त्या ठिकाणी अडकतात.

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे साम्यालाच पुरावा समजणं. दोघांच्या चिन्हात सूर्य आहे, दोघांच्या हातात भाला आहे, झाले एक! एल्डन रिंगमधली (२०२२) रडागॉन आणि मारिका ही जोडी पाहा. एक पुरुष, एक स्त्री; त्याचे केस लाल, तिचे सोनेरी; वर दोघं नवरा-बायको. दिसण्यावरून कोणी त्यांना एक म्हटलं नसतं. तरीही लेंडेल या राजधानीतल्या रडागॉनच्या पुतळ्यासमोर ‘लॉ ऑफ रिग्रेशन’ हा मंत्र वापरला की पुतळा बदलतो आणि खेळ स्वतःच सांगतो की रडागॉन म्हणजेच मारिका. विचारात अडकून पडलेला गोल्डमास्क हा विद्वान हे उत्तर कळल्यावरच पुढे सरकतो. आपल्या थिअरीलाही हाच प्रश्न विचारा: हे दोघं एक मानले तर कथेतली कोणती गाठ सुटते? एकही सुटत नसेल, तर हातात फक्त साम्यांची यादी आहे.

दुसरी चूक जास्त खोल आहे आणि जाणकारही ती करतात. एकच म्हणजे नेमकं कसं, हे ते ठरवतच नाहीत. एल्डर स्क्रोल्सच्या जगात याचे निदान तीन प्रकार दिसतात. लोरखान आणि शोर ही एकाच देवाची दोन जमातींमधली नावं. एल्फांच्या लेखी तो फसवणारा, तर नॉर्ड लोकांच्या लेखी त्यांचा नायक. जिगलॅग आणि शिओगोरॅथ यांचं तसं नाही. तिथे शापाने जिगलॅगचाच शिओगोरॅथ झाला. आणि ‘शिव्हरिंग आइल्स’ या विस्तार भागाच्या (२००७) शेवटी आपलं पात्र शिओगोरॅथच्या जागी बसतं, म्हणजे देवपद तेच राहतं, बसणारा बदलतो. याच मालिकेतल्या पुढच्या स्कायरिममधला (२०११) शिओगोरॅथ जुन्या घटना आठवतो, तेव्हा त्या कोणाच्या आठवणी आहेत, हा प्रश्न या फरकामुळेच पडतो. तिन्ही प्रकारांना लागणारा पुरावा वेगळा. नावांच्या थिअरीसाठी दोन जमातींच्या कथांतल्या घटना जुळाव्या लागतात. जागा घेण्याच्या थिअरीसाठी काळाचा क्रम जुळावा लागतो: आधीचा गेला कधी, नवा आला कधी. हे आधी ठरवलं नाही, तर वाद घालणारे दोघं वेगवेगळ्याच गोष्टींवर भांडत राहतात.

बोलणारा कोण आहे, हेही बघा. खेळातलं पुस्तक म्हणजे खेळ बनवणाऱ्यांचा निकाल नव्हे. एल्डर स्क्रोल्समधला ड्रॅगन अल्डुइन म्हणजे काळाचा देव अकातोश याचंच नॉर्ड रूप, असं एक पुस्तक सांगतं. दुसऱ्या पुस्तकातला नॉर्ड ते ठामपणे नाकारतो, आणि स्कायरिममध्ये अल्डुइनला अकातोशचा पहिला पुत्र म्हटलं जातं. यातलं सोयीचं एकच वाक्य उचलून निष्कर्ष काढणं मला अप्रामाणिक वाटतं. तिन्ही मांडा, मग आपलं मत द्या.

विरोधातला पुरावा लपवणं ही त्याचीच बहीण. एल्डन रिंगमध्ये आपल्याला साथ देणारी मेलिना म्हणजेच ग्लोम-आइड क्वीन ही पूर्वीची राणी, ही थिअरी मला मनापासून आवडते. खेळाच्या अनेक शेवटांपैकी फ्रेन्झिड फ्लेमच्या शेवटात मेलिनाचा मिटलेला डोळा उघडतो आणि ती डेस्टिन्ड डेथचं, म्हणजे त्या राणीशी जोडलेल्या मृत्युशक्तीचं, नाव घेते, त्या क्षणी थिअरी जवळजवळ पटतेच. पण आपला जन्म एर्डट्री या महावृक्षाच्या पायथ्याशी झाला आणि आपलं कार्य आईने सोपवलं, असंही मेलिनाच सांगते. मारिकाचा सेवक मॅलिकेथ याने पराभूत केलेली ती राणी मग पुन्हा जन्मली का? कशी? थिअरी मांडणाऱ्याने याचं उत्तर द्यायला हवं, किंवा ते सापडलेलं नाही हे स्पष्ट लिहायला हवं.

आणि नवा भाग आला की जुनी थिअरी तपासा. डार्क सोल्सनंतर (२०११) सूर्याचा भक्त असलेला योद्धा सोलेर हाच ग्विन या मुख्य देवाचा हाकलून दिलेला थोरला मुलगा, असं अनेकांनी मानलं. तिसऱ्या भागात (२०१६) नेमलेस किंग आला: ड्रॅगन मारणारा माजी युद्धदेव, जो पुढे ड्रॅगनांनाच जाऊन मिळाला. थोरल्या मुलाची जागा त्याने भरली. सोलेरचं सूर्यप्रेम मात्र तसंच उरलं. त्याला देव ठरवायची गरजच नव्हती.