जावा फर्नचं खोड वाळूत आहे का? ऊन चढण्याआधी वर काढा

पाडवा झाला आणि नाशिकचा पारा चाळिशीकडे निघाला. घरातल्या माशांच्या काचेच्या टाकीत किंवा पत्र्याच्या शेडमधल्या टबात जावा फर्न हे पाण्यातलं शोभेचं रोप लावलं असेल, तर बाकीची कामं राहू द्या. हात कोपरापर्यंत पाण्यात घाला आणि रोपाचं आडवं खोड कुठं आहे ते बोटांनी चाचपा. वाळूत किंवा खडीत गाडलेलं लागलं तर आजच वर घ्या. रविवारची वाट पाहू नका.

ही चूक नवखेच करतात असं नाही, चांगले मुरलेले शेतकरी करतात. जाड, हिरवट, आडवं खोड दिसलं की हाताला आलं-हळदीची सवय आठवते. गड्डा आहे ना, मग दोन बोटं मातीखाली! पण हा नेचा (फर्न) आहे. आग्नेय आशियात ओढ्याकाठी दगडाला, ओंडक्याला धरून तो वाढतो. खोड पाण्यात मोकळं हवं, गाडलं की सडतं. द्राक्षवाल्यांना एवढंच सांगतो, कलमाचा जोड तुम्ही मातीच्या वर ठेवता ना, तसंच इथं.

थंडीत गाडलेलं रोप महिना-दोन महिने तग धरतं, म्हणून मालक निर्धास्त राहतो. उन्हाळ्यात गणित फिरतं. समुद्रसपाटीवर २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. आपलं नाशिक उंचावर, म्हणजे त्याहून थोडा कमीच. वाळूच्या आत तर पाणी हलतच नाही. माझा अंदाज असा की, पाणी ३० च्या वर गेलं की गाडलेल्या खोडाला आठवडा पुरत नाही.

परवा ओझरच्या एका ताईंकडे टब पाहिला. पानं वरून हिरवी, कडा तेवढ्या काचेसारख्या पारदर्शक होत चाललेल्या. एक रोप हलकं ओढलं तर पानं हातात आली आणि खोड वाळूतच राहिलं. उकरून काढलं तर काळं, दाबल्यावर पिकल्या केळ्यासारखं, वास गटारीचा. लावताना निसटलेलं एक रोप मात्र फिल्टरच्या पाइपला अडकून राहिलं होतं. अख्ख्या टबात तेवढंच तजेलदार!

पानं गळतात म्हणून दुकानदारानं त्यांना टाकीची खास माती, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि खताच्या दोन बाटल्या सुचवल्या होत्या. खोड वर काढा, हे फुकटचं वाक्य काही निघालं नाही. या झाडाला सिलिंडर लागत नाही. मातीतून ते जेवतच नाही, मग महागडी माती कशाला?

सडलेलं खोड ब्लेडनं कापत जा, आत हिरवा गर दिसेपर्यंत. पान असलेला दोन इंचाचा तुकडाही पुरतो. केसासारखी गडद तपकिरी मुळं मात्र छाटू नका. ती सडलेली नाहीत, त्यांचा रंगच तसा. पानामागचे ओळीतले काळे ठिपकेही रोग नव्हे, बीजाणू आहेत. त्यावर बुरशीनाशक मारलेलं मी पाहिलंय, आणि टाकीतले मासे तरंगलेलेही.

तुकडा दगडाला काळ्या सुती दोऱ्यानं बांधा. दोरा कुजेपर्यंत मुळं दगड धरतात. फेविक्विकचा थेंबही चालतो, पण मुळांवर, खोडावर थापू नका. दगड आपला काळा कातळ उत्तम. त्यात पांढऱ्या गाठी असतील तर लिंबू पिळून बघा. फेस आला तर चुना आहे, पाणी जड करेल, तो दगड बाजूला ठेवा.

नेहमीची कामं :
– पाणी २० ते २८ अंश, सामू (पीएच) ६ ते ७.५
– दिवा दिवसाला ६ ते ८ तास, थेट ऊन नको
– आठवड्याला पाव पाणी बदल, नळाचं पाणी २४ तास उघड्या बादलीत ठेवून
– नवीन रोप पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात (लिटरला १० मिलिग्रॅम) १० मिनिटं, मग धुवून टाकीत
– शेवाळ धरलेली जुनी पानं खोडाजवळून काढणे

बाटलीतलं खत घेण्याआधी घरातलं गोदाम बघा. जुन्या पानांवर भोकं, तपकिरी डाग म्हणजे बहुतेक पालाश (पोटॅशियम) कमी. बागेसाठी आणलेलं ०:०:५० हे पालाशचं विद्राव्य खत असतंच. १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं १०० मिली दर १०० लिटर टाकीला, पाणी बदलल्यावर आठवड्यातून एकदा. १३:०:४५ याच मापात चालतं. १२:६१:० आणि १९:१९:१९ मात्र टाकीजवळही आणू नका, त्यात अमोनिया आहे. फवारणीची बादली, मग कितीही धुतलेली असो, टाकीला वापरू नका. मोरचुदाचा (तांब्याच्या बुरशीनाशकाचा) अंशही मासे, कोळंबी मारायला पुरतो.

उन्हाच्या वेळी टाकीचं झाकण काढून टेबल फॅन पाण्यावर सोडा, टबाभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. बर्फ टाकू नका, एकदम गार पाण्यानं मासे जातात. भर दुपारी दिवा बंद, संध्याकाळी लावा. वीज गेली तर हवेचा पंपही बंद पडतो, अशा वेळी तांब्यानं पाणी वरून खाली ओतत राहा. हास्यास्पद वाटेल, पण मी केलंय आणि मासे वाचलेत.

जुन्या पानांच्या टोकाला बारकी पिल्लं (रोपं) धरतात. त्यांना स्वतःची मुळं फुटली, दोन-तीन पानं आली की अलगद खुडून वेगळ्या दगडावर बांधा. विकायचं असेल तर गिऱ्हाइकाला दगडासकटच द्या. सुटं रोप हातात पडलं की गिऱ्हाईक घरी नेऊन आधी वाळूत खड्डा करतं.