डोंगरातील औषधी वनस्पती वापरताना या चुका टाळा

भाद्रपदात धारूरच्या घाटापासून येडशीच्या रामलिंग घाटापर्यंत बालाघाटाच्या उतारांवर कळलावी फुलते. पिवळ्या-तांबड्या पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळलेल्या असतात आणि पानांची टोके वेलाच्या ताण्यांसारखी झुडपाला धरून राहतात. हिच्या कंदात कोल्चिसिन असते. गाउट या संधिविकारावर डॉक्टर हेच द्रव्य गोळीच्या रूपात देतात आणि त्या गोळीत ते साधारण अर्धा मिलिग्रॅम असते. सोनाराच्या जुन्या मापातील एक गुंज सुमारे १२० मिलिग्रॅम भरते, म्हणजे गुंजभर शुद्ध कोल्चिसिनमध्ये अशा २४० गोळ्यांचे औषध मावेल. डोंगरातील वनस्पतींविषयी बोलताना हे प्रमाण नजरेसमोर ठेवावे, कारण औषध आणि विष यांतील अंतर कित्येकदा इतकेच असते, आणि ते हाताच्या चिमटीने मोजता येत नाही.

वनस्पतींवर माझी श्रद्धा आहे आणि त्यांच्या उपयोगाला माझा विरोध नाही. किनवट-माहूरच्या जंगलापासून गौताळ्याच्या डोंगरापर्यंत मराठवाड्यात जी वनसंपदा उरली आहे, तिचे ज्ञान पुढच्या पिढीकडे जावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र ते ज्ञान अर्धवट पोहोचले तर त्याने अपाय होतो, आणि असा अपाय बहुधा त्याच त्या चुकांमुळे होताना दिसतो.

नाव कळले म्हणजे वनस्पती ओळखली, असे समजणे

ही सर्वांत मोठी चूक आहे. कळलावीलाच काही भागांत ‘खड्यानाग’ तर काही ठिकाणी ‘बचनाग’ म्हणतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांतील बचनाग, म्हणजेच वत्सनाभ, ही मात्र हिमालयातील निराळी वनस्पती असून तिच्यातील अॅकोनिटिन हृदयाचे ठोके बिघडवते. दोन्ही जहाल असल्या तरी दोन्हींची विषबाधा वेगळी, तिची लक्षणे वेगळी आणि रुग्णालयात घ्यावयाची काळजीही वेगळी असते. ‘बचनाग खाल्ला’ एवढेच सांगितले तर डॉक्टरांची दिशाभूल होऊ शकते.

कुड्याचेही तसेच आहे. जुलाब आणि आव यांवर ज्या कुड्याची साल वापरतात, तो पांढरा कुडा होय. त्याच्या सालीत कोनेसिन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे नत्रयुक्त तीव्र द्रव्य, असते. काळा कुडा त्याच डोंगरात उगवतो, त्यालाही पांढरीच फुले येतात आणि फांदी मोडली की दोघांतूनही दुधासारखा चीक येतो. काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध झालरीसारखे तंतू असतात आणि त्याच्या कोवळ्या शेंगांची जोडी टोकाशी एकमेकींना चिकटलेली असते; पांढऱ्या कुड्याच्या लांब शेंगा टोकाला सुट्या राहतात आणि फुलात झालर नसते. फूल किंवा शेंग हाताशी नसताना केवळ चीक पाहून साल काढली, तर गुण न येण्याची शक्यताच अधिक, आणि झाडाचे नुकसान होते ते वेगळेच.

पहिल्या पावसानंतर तरोट्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपल्याकडे आवडीने खातात. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरील छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात आणि त्यांची टोके गोलसर असतात. त्याच्याच शेजारी उगवणाऱ्या कासविंद्याला चार-पाच जोड्या आणि टोकदार पर्णिका असतात. कासविंद्याच्या बिया खाल्ल्याने पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षे लहान मुले दगावत होती. यकृत, स्नायू आणि मेंदू या तिघांना एकाच वेळी इजा करणारा तो आजार विषाणूंमुळे होतो, असा समज बराच काळ होता. बियांकडे लक्ष गेले ते नंतर. आपल्याकडे मुले रानात गुरांमागे असताना शेंगा सोलून तोंडात टाकतात, म्हणून ही दोन झुडपे मुलांना शेजारी शेजारी दाखवून ओळखायला शिकवणे अगत्याचे आहे.

करोनाच्या साथीत गुळवेलीचा वापर एकाएकी वाढला. २०२० च्या अखेरीस मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद केली आणि ती पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली. खरी गुळवेल निर्धोक असून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, अशी भूमिका केंद्रीय आयुष मंत्रालयाने घेतली. या वादात कोणाचीही बाजू घेतली, तरी सामान्य माणसाने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली म्हणजे, गुळवेलीच्या खोडाची वरची साल कागदासारखी सुटते, आतून हिरवा रंग दिसतो आणि आडवे कापल्यास गाडीच्या चाकातील आऱ्यांसारखी नक्षी दिसते. खोडावर चामखिळीसारख्या दाट गाठी असलेली वेल घेऊ नये. दुसरी म्हणजे, ज्यांना आधीपासून यकृताचा किंवा रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा आजार आहे, त्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय खरी गुळवेलही रोज घेऊ नये.

एक भाग औषधी, म्हणून सगळे झाड औषधी मानणे

गुंजेचा पाला ज्येष्ठमधासारखा गोड लागतो. घसा बसला की हा पाला विड्यात घालतात. त्याच वेलीच्या लाल-काळ्या बीमध्ये अॅब्रिन हे प्रथिन असते, जे पेशींतील प्रथिने तयार होण्याचे कामच थांबवते. बीचे कवच फार टणक असल्याने अखंड बी पुष्कळदा अपाय न करता बाहेर पडते, पण चावलेले किंवा कुटलेले बी प्राण घेऊ शकते. ‘आमच्या मुलाने गिळली होती, काही झाले नाही’ हा अनुभव म्हणूनच पुरावा ठरत नाही.

सीताफळाचे उदाहरण तर बीड जिल्ह्याच्या अगदी घरातले आहे. बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर हे झाड कोणी न लावता वाढते आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. गर पौष्टिक आहे यात शंका नाही. बियांतील अॅसिटोजेनिन नावाची द्रव्ये मात्र कीटकांना मारणारी आहेत, आणि म्हणूनच उवांवर बियांची पूड डोक्याला लावण्याची रीत पडली. ती पूड तेलात कालवून लावली आणि घामाबरोबर किंवा न्हाताना डोळ्यांत उतरली, तर बुबुळाचा वरचा पडदा सोलवटतो, असह्य आग होते आणि काही काळ दिसतही नाही. शाळकरी मुलींना हा त्रास होऊ नये असे वाटत असेल, तर ही पूड वापरूच नये. उवांसाठी दाट फणी आणि औषधाच्या दुकानातील सौम्य औषध पुरेसे असते.

उकळले की विष निघून जाते, या समजुतीवर विसंबणे

ही समजूत अंशतः खरी आहे आणि तिचा धोका त्यातच आहे. अॅब्रिन हे प्रथिन असल्याने पुरेशा उकळीने निकामी होते. कोल्चिसिन किंवा धोतऱ्यातील अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही अल्कलॉइडे मात्र चुलीवरच्या उकळीला दाद देत नाहीत. उलट पाणी आटत जाते तसा काढा अधिक तीव्र होतो. शिवाय धोतऱ्याच्या एका झाडात आणि दुसऱ्या झाडात, पानात आणि बीमध्ये, या द्रव्यांचे प्रमाण सारखे नसते. मागच्या वेळी दोन पाने सोसली म्हणून या वेळीही सोसतील, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

काढा बिघडतो तेव्हा

हिरड्याचा किंवा अर्जुनाच्या सालीचा काढा लोखंडी कढईत केला की तो शाईसारखा काळा होतो. सालीतील टॅनिन लोखंडाशी संयोग पावते. पूर्वी याच क्रियेतून शाई बनवीत. असा काढा टाकून द्यावा आणि पुन्हा स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात करावा. कल्हई गेलेल्या पितळेत आवळा शिजवला तर तो कळकतो, आणि तोही पोटात जाऊ देऊ नये.

निर्गुडीच्या पानांतील सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते, म्हणून उघड्या भांड्यात तासभर उकळलेल्या पाण्यात त्यातले थोडेच उरते. शेकण्यासाठी वा वाफाऱ्यासाठी ती पाने घ्यायची असतील, तर झाकण ठेवून थोडाच वेळ उकळावीत. गुळवेलीचे सत्त्व काढताना ठेचलेल्या खोडाचे पाणी निवळू देतात, वरचे पाणी ओततात आणि खाली बसलेली पांढरी भुकटी वाळवतात. त्या भुकटीत मुख्यतः स्टार्च असतो, आणि कडू द्रव्यांचा बराच भाग वरच्या पाण्याबरोबर गेलेला असतो. सत्त्व म्हणजे काढ्याचा अर्क, असे धरून मात्रा ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे.

बिबा उघड्या हाताने हाताळणे

बिब्याच्या टरफलातील काळ्या तेलात भिलावनोल नावाची द्रव्ये असतात. परीट याच तेलाने कपड्यांवर न पुसणारी खूण करीत. आतली गोडंबी खाण्याजोगी आणि पौष्टिक आहे, परंतु ती काढण्यासाठी बिबे फोडणाऱ्या बायांचे हात वर्षानुवर्षे काळे आणि भेगाळलेले राहतात. हे कष्ट पाहिले की गोडंबीची किंमत बाजारातल्या भावापेक्षा फार मोठी आहे, असे मला वाटते. त्यांना जाड हातमोजे मिळाले पाहिजेत, आणि काम सुरू करण्याआधी हातांना व कोपरापर्यंत तेल चोळलेले असले पाहिजे.

बिबा उततो तो लगेच नव्हे. पुष्कळदा एक-दोन दिवसांनी पुरळ, खाज आणि फोड येतात, त्यामुळे कारण लक्षातच येत नाही. काहींना तो मुळीच बाधत नाही आणि त्यांच्याच घरातील दुसऱ्याचे तोंड सुजते. आंब्याचा चीक ज्यांना उततो, त्यांनी विशेष जपावे, कारण आंबा आणि बिबा एकाच कुळातील आहेत. बिबे भाजताना उठणारा धूरही तितकाच बाधतो. दुखऱ्या सांध्यावर किंवा टाचेच्या भेगेवर कच्च्या बिब्याचा चटका देण्याची रीत मधुमेही माणसाच्या पायावर तर कदापि करू नये, कारण तेथे झालेली जखम भरून येणे फार अवघड असते. आयुर्वेदात बिबा विटांच्या चुऱ्यात घोळवून शुद्ध केल्यानंतरच वापरतात, आणि त्यामागे टरफलातील तेल कमी करण्याचाच उद्देश दिसतो.

चालू औषधांविषयी गप्प राहणे

मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर गुळवेल घेतल्यास साखर अपेक्षेपेक्षा जास्त उतरू शकते. अडुळशातील व्हॅसिसिन कफ पातळ करण्यास मदत करते आणि खोकल्याच्या आधुनिक औषधांतील ब्रोमहेक्सिन त्याच रचनेवरून तयार झाले. पण तेच व्हॅसिसिन गर्भाशयाचे आकुंचन घडवते, म्हणून गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये. कळलावीच्या नावातच ‘कळ’ आहे. बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरण्याची जुनी प्रथा जेथे कोठे उरली असेल, तेथे ती आजच थांबली पाहिजे. बावचीचे तेल कोडाच्या डागांवर लावून उन्हात बसणाऱ्यांच्या अंगावर भाजल्यासारखे फोड येतात, कारण त्यातील सोरालेन उन्हानेच जागे होते; किती लावावे आणि किती मिनिटे ऊन घ्यावे, हे त्वचारोगतज्ज्ञानेच ठरवायचे असते.

चूक झालीच तर

रुईचा चीक किंवा सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेल्यास डोळा चोळू नये. स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावा. बिब्याचे तेल लागल्याचे तत्काळ कळले, तर साबणाने नीट धुवावे, नखांखालील तेलही काढावे, अंगावरचे कपडे बदलावेत आणि फोड आल्यास ते फोडू नयेत.

पोटात काही गेले असेल तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. कळलावीची लक्षणे काही तासांनी सुरू होतात, तोवर माणूस ठीक दिसतो, आणि याच तासांत घरचे लोक निर्धास्त होऊन मोलाचा वेळ घालवतात. उलट्या-जुलाब सुरू होण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जे खाल्ले त्या झाडाची पान, फूल, फळ व कंद यांसह एक फांदी पिशवीत घालून सोबत न्यावी, आणि किती वाजता, किती प्रमाणात व कशात कालवून घेतले, हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावे.