युद्धानंतर गाव उभं करायला लष्कर आलंय, मग सुरुवात कुठून करायची

गोळीबार थांबला की इंजिनिअर तुकडी येते आणि तिला लगेच काहीतरी बांधून दाखवायचं असतं, बहुतेक वेळा शाळाच. थांबा जरा. पहिले दोन-तीन दिवस नुसतं फिरा आणि विचारा, आणि फक्त पुढारी माणसांनाच नाही तर पाणी भरणाऱ्या बायकांनाही विचारा, कारण कुठली विहीर खराब झालीये, कुठल्या वाटेने कुणी जात नाही हे त्यांनाच पक्कं ठाऊक असतं. माझं स्पष्ट मत आहे की लष्कराने तेच काम हातात घ्यावं जे दुसऱ्या कुणाला जमणार नाही, म्हणजे सुरुंग, पूल, जड मशिनरी, पाणी. शाळेची भिंत तिथलाच गवंडी बांधेल, त्याला त्या मजुरीची गरज पण असते.

राडारोडा उपसायची घाई करू नका. मशीन लावायच्या आधी बॉम्ब शोधणारी टीम फिरलीच पाहिजे, ढिगाऱ्यात न फुटलेला बॉम्ब आहेच असं धरूनच चालायचं. जर्मनीत कोब्लेन्झला २०११ मधे, दुसरं महायुद्ध संपून ६६ वर्षांनी, ऱ्हाईनचं पाणी उतरल्यावर १.८ टनाचा बॉम्ब दिसला आणि तो निकामी करायला ४५,००० लोकांना घरं सोडायला लावावी लागली. सुरुंग काढताना आधी पाण्याच्या वाटा आणि दवाखान्याचा रस्ता, मग शेतं. ज्यांनी सुरुंग पेरले त्यांच्याकडचे नकाशे मिळवायचा जोर लावा, त्याने कितीतरी जीव वाचतात. जमीन मोकळी झाली की लोकांसमोर टीमने स्वतः त्यावरून चालून दाखवायचं, नुसत्या कागदावर कुणी शेतात पाय ठेवत नाही, आणि का ठेवावा? नकाशाची एक कॉपी गावाकडे, गावाच्या भाषेत.

पूल उडालेला असेल तर तात्पुरता बेली पूल, म्हणजे तयार लोखंडी पॅनल जोडून उभा करायचा पूल, टाका. दुसऱ्या महायुद्धात हा डिझाईन केला तेव्हापासून तो चालतोय, कारण त्याचा १० फुटी पॅनल सहा जण उचलतात, क्रेन लागत नाही. फक्त किती वजनाची गाडी चालेल याचा बोर्ड पहिल्याच दिवशी लावा.

पाण्याचं मोजमाप सोपं आहे: माणशी दिवसाला निदान १५ लिटर, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरलेलं हवं. हे तुकडीचा पाणी शुद्ध करणारा प्लांट करून देतो. पण तुकडी गेली की प्लांट पण जातो, आणि तिथेच सगळं फसतं. म्हणून पंप असा बसवा ज्याचे वॉशर, बेअरिंग त्याच भागातल्या बाजारात मिळतात, आणि पहिल्या दिवसापासून गावातली दोन माणसं पगारी ठेवून सोबत शिकवा.

एक गोष्ट अजिबात करू नका, मदतीला अट लावू नका. २००४ ला अफगाणिस्तानात अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीच्या फौजांनी पत्रकं वाटली होती की मदत चालू रहायला हवी तर तालिबानची माहिती द्या, आणि मदत संस्थांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतला, बरोबरच होतं त्यांचं. एकदा मदत आणि खबर यांची गाठ पडली की तांदूळ घेणारा माणूस पण खबरी ठरतो आणि औषधं आणणाऱ्या निःशस्त्र डॉक्टरवरही बंदूक रोखली जाते. म्हणूनच सैनिकांनी मदत संस्थांसारख्या पांढऱ्या गाड्या किंवा साधे कपडे वापरू नयेत, कोण कोण आहे हे लांबून कळलं पाहिजे.

निघायच्या आधीचे निदान दोन आठवडे पंपाला हात लावायचा नाही. गावातल्या माणसानेच चालू करायचा, बंद पडला तर त्यानेच खोलायचा, क्लोरीन पण त्यानेच मोजून वहीत लिहायचं. तुम्ही शेजारी उभं रहा आणि तो विचारेल तेव्हाच बोला. तो न विचारता चालवायला लागला की मग ट्रकमधे सामान भरा.