भाषण आणि निबंध लिहिताना या चुका टाळा

पदव्युत्तर वर्गात वक्तृत्वशास्त्राचा पेपर घेतलेल्या विद्यार्थ्याच्या गळ्यात महाविद्यालयातली दोन कामे आपोआप पडतात: वार्षिकांकाकडे आलेल्या लेखांची पहिली चाळणी आणि स्पर्धेला निघालेल्या कनिष्ठ मुलामुलींच्या भाषणांची तपासणी. मी ही दोन्ही कामे करतो आणि त्याच त्या चुका पाहून आता लाल पेन हातात घेण्याचाही कंटाळा येऊ लागला आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांबद्दल मी बोलत नाही; त्या दुरुस्त करता येतात. ज्या चुका दुरुस्त होत नाहीत त्यांचे मूळ एका गैरसमजात आहे. शाळेत 'पुढील ओळींतील अलंकार ओळखा' हा प्रश्न सोडवून आलेल्या मुलांना असे वाटते, की मजकूर आधी तयार होतो आणि मग त्यावर उपमा, अनुप्रास आणि सुभाषिते चढवली की तो प्रभावी होतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्या दोन भागांत युक्तिवाद, श्रोत्यांच्या भावना आणि वक्त्याची विश्वासार्हता यांची चर्चा आहे. भाषाशैलीची पाळी तिसऱ्या भागात येते. आमची मुले तिसऱ्या भागापासून सुरुवात करतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात.

उसन्या अवतरणाने केलेली सुरुवात

शिक्षण, स्त्रीमुक्ती, बेरोजगारी, व्यसनमुक्ती, इतकेच काय पण समाजमाध्यमांचे दुष्परिणाम, असा कोणताही विषय द्या. बरीचशी भाषणे महात्मा फुल्यांच्या 'विद्येविना मति गेली' या ओळींनी सुरू होतात. ओळी थोर आहेत याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या म्हणून झाल्यावर वक्ता काय करतो याबद्दल. तो 'इतके अनर्थ एका अविद्येने केले' येथपर्यंत आवाज चढवत जातो, टाळ्यांसाठी क्षणभर थांबतो आणि 'आज एकविसाव्या शतकात' असे म्हणून भलत्याच दिशेला वळतो. ज्या ओळींनी त्याने दार उघडले, त्यांचा पुढच्या पाच मिनिटांत कुठे मागमूसही नसतो.

या ओळी फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाच्या आरंभी आहेत. आधीची गोष्ट पुढच्या गोष्टीचे कारण आणि ती तिच्या पुढच्या गोष्टीचे, अशा रचनेला संस्कृत साहित्यशास्त्रात 'कारणमाला' म्हणतात. परीक्षेत अलंकार ओळखणाऱ्याला एवढे उत्तर पुरते. लिहिणाऱ्याने मात्र हे पाहायला हवे की कारणमाला हा फार जोखमीचा अलंकार आहे, कारण त्यात प्रत्येक दुव्याला पुरावा द्यावा लागतो आणि मधला एकच दुवा निखळला तरी सगळे विधान कोसळते. फुले तो पुरावा देतात. जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींच्या निमित्ताने शेतकऱ्याच्या घरातला पैसा कसा बाहेर जातो, सरकारी अंमलदार निरक्षर कुणब्याला कसा नाडतो, त्याच्या डोक्यावर कर्ज कसे चढते, हे ते प्रकरणामागून प्रकरणे तपशिलाने मांडतात. आणि शेवटी पाणी मुरावे म्हणून ताली-बंधारे घालावेत, त्यासाठी पलटणीतील आणि पोलीस खात्यातील जादा शिपायांना कामाला लावावे, असा अगदी व्यवहारी उपायही सुचवतात. म्हणजे त्या ओळी ही प्रतिज्ञा, सिद्ध करायचे विधान, आहे आणि ग्रंथ ही तिची सिद्धता आहे. आमचा वक्ता प्रतिज्ञा फुल्यांची घेतो आणि सिद्धता कोणाचीच देत नाही.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे अवतरण भलत्याच्या नावावर खपवणे. 'उठा, जागे व्हा' हे आवाहन स्वामी विवेकानंदांनी लोकांपर्यंत नेले हे खरे, पण ते वचन मूळचे कठोपनिषदातले आहे, आणि परीक्षकांमध्ये संस्कृतचे एखादे प्राध्यापक बसलेले असतील तर पहिल्याच वाक्याला तुमची पत जाते. डॉ. कलामांच्या नावाने मोबाइलवर फिरणाऱ्या वाक्यांविषयी तर न बोललेलेच बरे.

माझी सवय अशी आहे की मी वहीचे पहिले पान कोरे सोडतो आणि लेखनाला मधून सुरुवात करतो. प्रारंभ सगळ्यात शेवटी लिहितो, कारण आपण काय सिद्ध केले आहे हे तोपर्यंत कळलेले असते. अवतरण वापरायचे असेल तर मूळ पुस्तकातले त्याच्या मागचे आणि पुढचे पान वाचल्याशिवाय ते वापरत नाही. यासाठी ग्रंथालयात एक संध्याकाळ घालवावी लागते आणि नवख्या मुलांना नेमका तिचाच कंटाळा असतो. त्यांना 'प्रभावी सुरुवातीसाठी पन्नास सुविचार' हवे असतात. असे पुस्तक मी कोणालाही सुचवत नाही, आणि कोणाच्या हातात दिसले तर काढून घेतो.

पहिल्याच मिनिटाला डोळ्यांत पाणी

ही चूक मला सर्वाधिक खटकते. प्रथम वर्षाला असलेला, खणखणीत आवाजाचा एक मुलगा नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला निघाला होता. विषय शेतमालाच्या भावाचा होता. त्याच्या भाषणात 'बळीराजा', 'काळी आई' आणि 'जगाचा पोशिंदा' हे तिन्ही शब्द पहिल्या चार वाक्यांत येऊन गेले होते, आणि त्यानंतर लगेच गळफास घेतलेल्या बापाची चिमुकली मुलगी दारात उभी राहून 'बाबा कधी उठणार?' असे विचारत होती. हा भाग काढ, निदान खाली ने, असे मी त्याला सांगितले. त्यावर तो म्हणाला, "दादा, टाळ्या नेमक्या इथेच पडतात." त्याचा अनुभव खोटा नव्हता. शहरातल्या सभागृहांत त्या तशा पडल्याही होत्या.

त्या दिवशीचे सभागृह कांदा पिकवणाऱ्या घरांतल्या मुलांनी भरलेले होते. चिमुकलीचा प्रसंग आला तेव्हा तिथे शांतता पसरली, पण ती हेलावलेल्या माणसांची शांतता नव्हती. मागच्या रांगांतली मुले एकमेकांकडे पाहत होती. परीक्षकांपैकी एक निवृत्त शिक्षक होते आणि त्यांची स्वतःची कांदाचाळ होती. प्रश्नोत्तरांच्या वेळी त्यांनी अतिशय मायेने विचारले, "बाळ, दोन हजार तेवीसच्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर शुल्क किती लावले होते?" मुलाला ते सांगता आले नाही. "बरे, डिसेंबरात काय झाले?" तेही सांगता आले नाही. गुरुजींनी तिसरा प्रश्न विचारला नाही.

त्याच्यानंतर दोन-तीन जणांनी भाषणे केली आणि मग जवळच्याच एका खेड्यातली मुलगी उभी राहिली. तिचा आवाज बारीक होता आणि हातातला कागद थरथरत होता. तो कागद म्हणजे तिच्या वडिलांची बाजार समितीतली हिशेबपट्टी होती. तिने वजन वाचले, क्विंटलचा भाव वाचला, हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा केले आणि उरलेली रक्कम सांगितली. मग २०२३ च्या ऑगस्टमधले चाळीस टक्के निर्यात शुल्क, त्याच वर्षीच्या ८ डिसेंबरची निर्यातबंदी आणि ती मे २०२४ मध्ये उठेपर्यंतचा काळ तिने क्रमाने मांडला, आणि शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा ही अपेक्षा रास्त असेल तर त्या स्वस्ताईची किंमत सरकारी तिजोरीने द्यावी की एकट्या शेतकऱ्याने, असा एकच प्रश्न विचारला. 'बळीराजा' हा शब्द तिने एकदाही उच्चारला नाही. तिला दुसरा क्रमांक मिळाला. तिचे उच्चार अशुद्ध आहेत, असे एका परीक्षकाचे मत पडले, आणि त्या मताविषयी माझे मत येथे छापण्याजोगे नाही.

हे वाचून कोणी असा निष्कर्ष काढू नये की भावनेला आवाहन करणे वाईट असते. अ‍ॅरिस्टॉटलने दुसऱ्या भागात भावनांवर सविस्तर लिहिले आहे आणि प्रत्येक भावनेच्या बाबतीत तीन गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत. राग घेतला तर रागावलेल्या माणसाची मनःस्थिती कशी असते, तो कोणावर रागावतो आणि कोणत्या कारणाने रागावतो. भावनेलाही कारण आणि रोख असतो, हे त्याने पुरते ओळखले होते. आमच्या मुलाच्या भाषणात दुःख होते, पण ते कोणामुळे झाले आणि त्यावर कोणी काय करायचे, याचा पत्ता नव्हता. शिवाय वक्त्याची विश्वासार्हता त्याच्या भाषणातूनच निर्माण व्हायला हवी, असेही अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. ज्या सभेला विषय तुमच्याहून अधिक ठाऊक आहे तिच्यापुढे तिचेच दुःख अभिनयाने सादर करणे म्हणजे उरलीसुरली विश्वासार्हताही घालवणे होय. अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्र या संस्कृत साहित्यशास्त्रज्ञाने औचित्याला, म्हणजे प्रसंगाला शोभेल तेच बोलण्याला, काव्याचा प्राण म्हटले. भाषणाच्या बाबतीत मला ते अधिकच खरे वाटते.

मी कागदाच्या डोक्यावर तीन ओळी लिहितो: समोर कोण बसले आहे, त्यांना आधीच काय ठाऊक आहे आणि ऐकून झाल्यावर त्यांनी काय करावे. तिसऱ्या ओळीसमोर काही सुचेना, तर भाषण लिहायला बसत नाही. करुण प्रसंग घ्यायचाच असेल तर तो युक्तिवाद पूर्ण झाल्यानंतर घेतो, आणि त्यात एखादी दाखवता येण्याजोगी वस्तू आहे का ते पाहतो.

भराभर सांगण्याजोग्या चुका

'मानव हा समाजशील प्राणी आहे' या वाक्याने कोणताही निबंध सुरू करू नये. पहिला परिच्छेद खोडून पाहावा, दुसऱ्यापासून लेख व्यवस्थित सुरू होत असेल तर पहिला नको होता. 'असे म्हटले जाते' या शब्दांखाली रेघ ओढावी आणि कोण म्हणते ते लिहावे, नाही तर वाक्य काढावे. 'ज्वलंत', 'विदारक' आणि 'भीषण' ही विशेषणे एकाच पानावर आली तर तिन्ही काढावीत.

प्रश्नांची माळ लावण्याची खोडही घालवायला हवी. 'आपण कधी विचार केला आहे का? आपली संवेदना मेली आहे का? आपण माणसे आहोत का?' अशा माऱ्याने श्रोता विचारात पडत नाही, नुसता अंग चोरून बसतो. रँडच्या वधानंतर सरकारने पुण्यात चालवलेल्या दडपशाहीवर टिळकांनी जुलै १८९७ मध्ये 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असा एक प्रश्न अग्रलेखाच्या शीर्षकात विचारला आणि तो आजही लोकांच्या तोंडी आहे. एका लेखाला असा एक प्रश्न पुरतो.

विरोधकच नसलेला युक्तिवाद

प्लास्टिकबंदी असो की मातृभाषेतून शिक्षण, मुले अशी लिहितात की जणू या गोष्टींना विरोध करणारा माणूस एक तर मूर्ख असतो किंवा दुष्ट. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, मांडून मग त्याचे खंडन करण्याची शिस्त होती. न्यायदर्शन या तर्कशास्त्राच्या प्राचीन भारतीय परंपरेने चर्चेचेही प्रकार पाडले आहेत: तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता समोरच्याचे नुसते खंडन करणे म्हणजे वितंडा. स्पर्धेच्या व्यासपीठावर जल्पाला बक्षीस मिळते हे मला ठाऊक आहे. तरीही लिहिताना मी वहीच्या डाव्या पानावर विरोधकाचा सर्वांत सबळ मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत लिहितो आणि उजवे पान त्याच्या उत्तरासाठी ठेवतो. मातृभाषेतून शिक्षणाच्या बाजूने लिहायचे असेल तर डाव्या पानावर घरकाम करणारी आई येते, जी पोटाला चिमटा काढून मुलीला इंग्रजी शाळेत घालते, कारण तिने नोकऱ्यांच्या जाहिराती वाचल्या आहेत. तिला उत्तर न देता ज्ञानेश्वरांचा दाखला देणे म्हणजे पळ काढणे आहे. उजवे पान कोरे राहिले तर मी विषयावरचे मत बदलायला तयार होतो, आणि ते एक-दोनदा बदललेही आहे.

तयार मसुद्याचा मोह

पूर्वी मुले गाइडमधला निबंध उतरवून आणत, आता चॅटजीपीटीकडून मसुदा घेऊन येतात. या मसुद्यांत व्याकरणाच्या चुका कमी असतात, परिच्छेद एकसारख्या लांबीचे असतात आणि प्रत्येक बाजूला थोडेथोडे बरोबर ठरवलेले असते. ते कोणत्याही सभागृहात वाचता येतात, कारण लिहून घेणाऱ्याने कोणतेच सभागृह डोळ्यांसमोर ठेवलेले नसते. घाईत असलेल्या मुलाला हा दोष दिसत नाही. त्याला उद्या सकाळची गाडी पकडायची असते. अशा मुलाला मी मसुदा मिटून ठेवायला सांगतो आणि त्यातले मुद्दे, जणू धाकट्या बहिणीला समजावतो आहे अशा रीतीने, तोंडी सांगायला लावतो. सांगताना तो जिथे अडखळतो तिथे त्याला विषय कळलेला नाही, आणि जिथे भरभर बोलू लागतो तिथे खरे भाषण सुरू होते. मग त्या भरभर बोललेल्या भागावरून नव्याने लिहायचे, एक रात्र तसेच ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून मोठ्याने वाचायचे. सात मिनिटांच्या भाषणासाठी मी सहा मिनिटांचाच मजकूर लिहू देतो, कारण वेळ संपत आल्याची पहिली घंटा वाजल्यावर वेग वाढवणारा वक्ता नेमकी आपली मागणी गिळून टाकतो.